तिसरी पेटी

जानेवारीतल्या सकाळी साडेसहाला तुम्ही काय करत असता? पांघरुणात असणार, दुसरं काय! मी मात्र त्या वेळी आमच्या बांधावर गुडघे टेकून बसलेली असते आणि माझा कान एका लाकडी पेटीला लावलेला असतो. शेजारच्या रस्त्यानं ऊसतोडीच्या बैलगाड्या जात असतात. पहिल्या वर्षी गाडीवानांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिघडलंय. आता त्यांना सवय झाली आहे. एक जण तर गाडीवरूनच ओरडून विचारतो, "बाई, काय म्हणत्यात आज?"

पेटीत मधमाश्या असतात. बोटाच्या पेरानं पेटीवर हळूच टकटक केलं, की आतून 'भुर्रर्र' असा आवाज उठतो आणि लगेच विरून जातो. असा आवाज आला म्हणजे समजायचं, राणी आहे, घर ठीक आहे. आवाज उठला आणि विरलाच नाही, कण्हल्यासारखा लांबत गेला, तर मात्र माझ्या पोटात गोळा येतो. राणी नसलेल्या घराचा आवाज बहुतेक वेळा तसा असतो. आणि काहीच आवाज आला नाही तर? तेही मी एकदा ऐकलं आहे. पुढं सांगते.

आमचं घर बारामती तालुक्यात आणि डाळिंबाची बाग इंदापूर तालुक्यात. ऐकायला केवढं लांब वाटतं ना? पण मधे फक्त एक ओढा आहे! ओढ्याच्या अलीकडं नीरा डाव्या कालव्याचं पाणी, म्हणून जिकडं बघावं तिकडं ऊस. पलीकडं चढाची मुरमाड जमीन, तिथं डाळिंब, शाळू, हरभरा आणि थोडासा कांदा. माझी शाळेतली नोकरी फिरत फिरत शेवटी माहेरच्या गावाजवळ आली, तेव्हा मी दादाकडं राहायला आले. दादाच्या बागेत फुलं खूप लागायची आणि गळून पडायची. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आमच्या भागात डाळिंबाच्या आणि कांद्याच्या रानात मधपेट्या ठेवा म्हणून बराच प्रचार केला आहे. ते ऐकून मी दादाला म्हटलं, आपणही ठेवू या.

"डसणारं लफडं मला नको," दादा म्हणाला. "तुला हौस असंल तर तू बघ."

मग मीच बघायचं ठरवलं. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालापासूनची. तिथं जाऊन शिकून आले आणि सातेरी माश्यांच्या पाच पेट्या आणल्या. सातेरी कोणती ते सांगायला हवं. पाण्याच्या टाकीला किंवा वडाच्या उंच फांदीला भलंमोठं एकच पोळं लटकलेलं असतं, ते आग्यामोहोळ. त्याच्या वाटेला जायचं नाही! बोरीच्या नाहीतर काटेरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. सातेरीला अंधार लागतो. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत शेजारीशेजारी अनेक पोळी बांधते. अंधारात राहते म्हणून तर ती पेटीतही राहते. युरोपातून आणलेली मेलिफेरा नावाची थोडी मोठी माशीही पेटीत पाळतात. तिच्या पेट्या ट्रकमधून सूर्यफुलाच्या, मोहरीच्या रानात फिरवतात. पण मला आपली सातेरीच आवडते.

पेटी म्हणजे काही अवघड यंत्र नव्हे. खाली तळपाट, त्यावर पिलावा कोठी, त्यावर मधकोठी आणि वर झाकण. कोठीत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात. त्या चौकटींत माश्या पोळी बांधतात. खालच्या कोठीत राणी अंडी घालते, अळ्या वाढतात. या अंडी-अळ्या-कोषांना मिळून 'पिलावा' म्हणतात. पेटीचं स्टँड चार पायांचं, आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. नाहीतर मुंगळे वर चढून सगळं साफ करतात.

आता पहिल्या वर्षीची चूक सांगते. ही सांगायला मला अजून लाज वाटते.

डिसेंबर लागला, थंडी पडली. माझ्याकडं मधमाशीपालनाचं एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, थंडीत पेट्या चांगल्या गुंडाळून ठेवाव्यात आणि अजिबात उघडू नयेत. मी शहाणी! पाचही पेट्यांना गोणपाटं गुंडाळली, दार बोटभर ठेवलं, आणि महिनाभर आत डोकावलेच नाही. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी बर्फ पडतो, माश्या महिनोन्‌महिने बाहेर येत नाहीत, हे मी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्याकडं पहाटे नऊ-दहा अंश असतं आणि दुपारी तीस! रात्री स्वेटर आणि दुपारी पंखा अशी आमची थंडी. त्या गुंडाळलेल्या पेट्यांत दिवसा माश्या घामाघूम होत असणार. (माश्यांना घाम येत नाही, पण पेटीत ओल साचते, ती पाहिली की तसंच वाटतं.) चार पेट्या कशाबशा तगल्या. एकीवर सकाळी टकटक केलं तर आवाजच आला नाही. झाकण उघडलं. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर, त्यांनीच दार बुजलेलं, आणि पोळ्यांवर मेणकिड्याचं पांढरं जाळं. पुस्तकात दोष नव्हता. दोष वाचणारीचा होता.

ती तिसऱ्या नंबरची पेटी. पुढं पावसाळा संपल्यावर मी ती धुऊन, उन्हात तापवून, तिच्यात नवी वसाहत भरली. आणि गेल्या वर्षी नेमकी तीच पेटी पुन्हा आजारी दिसायला लागली.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर आणखी एक जण होता. माझा भाचा, दादाचा मुलगा, सातवीतला. हा मुलगा सकाळी सात वाजता हाका मारूनही उठत नाही, अशी वहिनीची तक्रार. पण संक्रांतीनंतर एकदा तो माझ्यामागं बांधावर आला, पेटीला कान लावला आणि त्याचे डोळे एवढे मोठे झाले. त्यानंतर तो रोज माझ्याआधी दाराशी उभा!

त्याचा पहिला प्रश्न होता, "आत्या, ह्या पांघरूण न घेता कशा राहतात?"

गंमत बघा. थंडीत माश्या एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात. आपल्याला थंडीत कुडकुडल्यावर जरा ऊब येते ना, तसंच. पिलावा असेल तिथं त्या चौतीस-पस्तीस अंश ऊब राखतात. बाहेर दहा असो नाहीतर तीस! आणि या शेकोटीचं सरपण कोणतं? मध. म्हणून थंडी सरता सरता पेटीतला मध संपत आलेला असतो. मी पेटी मागच्या बाजूनं चार बोटं उचलून बघते. जड लागली तर निश्चिंत, हलकी लागली तर साखरेचा पाक द्यायचा.

पण खरी अडचण मधाची नसते, ती माणसांची असते. म्हणजे माश्यांची! कामकरी माशी कामाच्या हंगामात पाच-सहा आठवडे जगते. थंडीभर घर सांभाळलेल्या माश्या आता म्हाताऱ्या झालेल्या असतात आणि रोज थोड्याथोड्या मरत असतात. अंड्यापासून नवी माशी व्हायला अठरा-वीस दिवस लागतात. जुन्या जाण्याच्या आत नव्या आल्या तर घर टिकतं. नाही आल्या, तर पुढं फुलांचा कितीही सुकाळ होवो, तो खायला घरात कोणी उरत नाही. आई म्हणते, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते. माझ्या पेट्यांची सगळी काळजी संक्रांत ते महाशिवरात्र एवढ्यातच असते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारा वाजता, चांगलं ऊन असताना, आम्ही सगळ्या पेट्या उघडल्या. थंडीत उघडायचं तर दुपारीच, आणि पटपट. पिलाव्याला वारा लागता कामा नये. भाच्यानं जाळीची टोपी घातली, मी स्मोकरमध्ये गोवरी पेटवली. पहिली पेटी उत्तम, सहा चौकटी माश्यांनी भरलेल्या. दुसरी, चौथी, पाचवी बऱ्या. तिसरीत मात्र दोनच चौकटींवर माश्या, त्याही विरळ. पिलावा रुपयाच्या नाण्याएवढा. राणी दिसली, पण किडकिडीत, आणि तिच्याभोवती सेवा करायला पुरेशा माश्याच नव्हत्या.

"मरणार का गं ही?" भाच्यानं विचारलं.

मी महाबळेश्वरकडच्या एका जुन्या मधपाळांना फोन केला. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या मधाचा धंदा आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला तर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं. ते म्हणाले, "बाई, दोन दुबळ्यांपेक्षा एक बळकट बरी. तिसरी चौथीला जोडून टाका."

जोडण्याची रीत मोठी मजेशीर आहे. एका पेटीवर वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, टाचणीनं चार भोकं पाडायची आणि वर दुसरी पेटी ठेवायची. एकदम एकत्र आणल्या तर माश्या भांडून मरतात, कारण प्रत्येक घराचा वास वेगळा. मधे कागद असला की दोन्हीकडून त्या तो कुरतडत बसतात. कुरतडता कुरतडता वास मिसळतात आणि कागद फाटेपर्यंत भांडण विसरलेलं असतं! मी हे सगळं भाच्याला रंगवून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "पण मग राण्या दोन होतील की."

"हो."

"मग?"

एका घरात दोन राण्या राहत नाहीत. जोडण्याच्या आधी एक काढावी लागते. काढावी म्हणजे मारावी. तो काही बोलला नाही. टोपी काढून मुंगळ्यांच्या वाट्यांत पाणी भरत राहिला. जेवताना एकदम म्हणाला, "आत्या, पंधरा दिवस दे. फक्त पंधरा."

मधपाळांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. हिशेबानं बघितलं तर पेटी जोडणंच शहाणपणाचं. पण पहिल्या वर्षीची ती न आलेली 'भुर्रर्र' माझ्या कानात होती. त्याच पेटीवर दुसऱ्यांदा मीच हात फिरवायचा? मी म्हटलं, "दिले पंधरा दिवस. पण तू रोज काम करायचं."

उपाय एकच होता. पहिल्या पेटीतली, कोष बंद झालेल्या पिलाव्याची एक चौकट काढून तिसरीत द्यायची. बंद पिलाव्याला भरवावं लागत नाही, नुसती ऊब लागते. आठ-दहा दिवसांत त्यातून शेकड्यांनी कोवळ्या माश्या बाहेर येतात. पण धोका असा, की ऊब द्यायला तिसरीत आधीच माश्या कमी. एखादी रात्र जास्त गार गेली, तर पिलावा गारठून मरणार आणि पहिली पेटीही उगाच दुबळी होणार. म्हणून चौकटीवर बसलेल्या कोवळ्या माश्यांसकट ती उचलली. त्या आधी चौकट दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा बघितली. चुकून पहिलीची राणीच तिच्यावर बसून तिसरीत गेली असती, तर झालाच होता गोंधळ! भाचा म्हणाला, "नाहीये. मी नावं वाचल्यासारखं एकेक बघितलं."

दोन रात्रींनी थर्मामीटर आठवर उतरला. त्या रात्री मी तिसरीवर, फक्त झाकणावर, एक गोणपाट टाकलं आणि सकाळी नऊला काढून घेतलं. गुंडाळलं नाही, हं! भाचा झोपला नसावा. साडेपाचलाच मला उठवायला आला. टकटक केलं. आवाज आला, बारीक, पण आला.

त्यानं एक वही केली होती. दर रविवारी अकरा वाजता तो प्रत्येक पेटीसमोर पाच मिनिटं बसून मोजायचा, पायांना पराग लावून किती माश्या आत जातात ते. परागाच्या गोळ्या पायाला पिवळ्या-नारिंगी मण्यांसारख्या दिसतात. पराग आत जातोय म्हणजे अळ्यांना भरवणं चालू आहे, राणी अंडी घालते आहे. जानेवारीच्या त्या रविवारी पहिली पेटी बावीस, तिसरी दोन.

पुढच्या आठवड्यात आमच्याच हातून घोटाळा झाला. तिसरीला पाक द्यायचा होता. एक वाटी साखर, एक वाटी कोमट पाणी. पाक नेहमी दिवस मावळल्यावर द्यायचा आणि बाहेर थेंबही सांडू द्यायचा नाही, हा नियम. बरणी घेऊन येताना भाच्याचा पाय ढेकळावर पडला आणि वाटीभर पाक तिसरीच्या झाकणावर सांडला. अंधार झाला होता. कोरड्या फडक्यानं पुसलं आणि घरी आलो. ओल्या फडक्यानं पुसायला हवं होतं, हे मला सुचायला हवं होतं. त्याची ती चूक नव्हती, माझी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेदहालाच तो ओरडत आला. "आत्या, तिसरीत केवढ्या माश्या आल्यात! वाचली! वाचली!"

मी धावत गेले. माश्या खूप होत्या खऱ्या, पण त्या तिसरीच्या नव्हत्याच. दारात माश्या एकमेकींना धरून जमिनीवर लोळत होत्या. फटीफटीतून आत घुसायला बघत होत्या. ही लूटमार होती. साखरेच्या वासानं दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या आल्या होत्या आणि दुबळं घर सापडल्यावर त्याचा उरलासुरला मध लुटत होत्या. कोणाच्या माश्या? आमच्याच! मी चिखल कालवून दार एक माशी जाईल एवढं बारीक केलं, फटी लिंपल्या, समोर गवताची पेंढी आडवी लावली आणि वर ओलं फडकं टाकलं. एका माशीचं दार असलं की दोन पहारेकरीसुद्धा घर राखू शकतात. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो होतो. वहीत त्या रविवारी तिसरीपुढं शून्य आहे. शून्य इतक्या जोरात काढलंय की कागद फाटला आहे.

पण कोष तर बंद होते ना! लुटारूंना मध हवा होता, पिलावा नव्हे. गुरुवारपर्यंत नव्या माश्या बाहेर पडू लागल्या. कोवळी माशी फिकट राखाडी आणि लवदार असते, एकदा बघितली की ओळखता येते. पंधरावा दिवस उजाडला आणि गेला. जोडण्याचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडं फुलांचा महिना. आंबे बहाराची डाळिंबं लालभडक फुललेली, शेवगा पांढरा झालेला, शेजारच्या तात्यांच्या रानात कांद्याचे डेंगळे. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला लांब दांडा येतो आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू, तो डेंगळा. भिगवणला याच दिवसांत रोहित पक्षी बघायला मोटारी भरभरून माणसं जातात. आमच्या बांधावर कोणी येत नाही. आमच्याकडं येतो तो वेडा राघू! तारेवर बसायचा आणि येणारीजाणारी माशी हवेतल्या हवेत टिपायचा. भाच्यानं गलोल काढली, ती मी काढून घेतली. राघू टिपतो त्या पाच-पंचवीस. त्यानं काही पेटी मरत नाही.

पेटी मरते ती दुसऱ्याच गोष्टीनं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी शाळेतून आले, तर भाचा पेट्यांसमोर मांडी घालून बसलेला. पहिली आणि तिसरीसमोर माश्यांचा सडा. काही अजून गोल गोल फिरत होत्या. मेलेल्यांच्या जिभा बाहेर आलेल्या. विषानं मेलेल्या माश्या अशा दिसतात. सकाळी तात्यांच्या डेंगळ्यांवर फवारणी झाली होती.

मी काही म्हणायच्या आत त्यानं दप्तरातली कंपासपेटी काढली, आतली पट्टी-पेन्सिली मातीत ओतल्या आणि मेलेल्या माश्या एकेक उचलून तिच्यात भरल्या. मग तडक ओढ्यापलीकडं. मी मागं पळाले. तात्या ओट्यावर चहा घेत होते. त्यानं कंपासपेटी उघडून त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"हे काय रं?"

"तुमच्या डेंगळ्यावर गेल्या होत्या."

तात्यांनी पेटीत बघितलं, मग माझ्याकडं, आणि ते चिडले. "मग मी काय रान जाळू माझं? फुलकिडं पडल्यात. मजूर सकाळी येतो, दुपारी जातो. संध्याकाळी कोण येतंय फवारायला? औषध उधारीवर आणलंय."

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं काही खोटं नव्हतं. आणि आमचा दादा तरी आपल्या बागेत कुठं मला विचारून फवारत होता? मी एवढंच म्हटलं, "तात्या, कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, बी धरणारा भाग मागून तयार होतो. दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. माश्यांना कांद्याचं फूल तसं फार आवडतही नाही. तरी येतात बिचाऱ्या."

"मला शिकवू नगंस," तात्या म्हणाले. कंपासपेटी बंद करून त्यांनी भाच्याच्या हातात दिली. आम्ही घरी आलो. जेवताना कोणी बोललं नाही.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी तात्यांचा मुलगा सायकलवरून आला. "आबा म्हणत्यात, उद्या सकाळी मारायचंय. पेट्या झाका." एवढं बोलून गेला. माश्या घरी परतल्यावर आम्ही दारांना जाळी लावली, वरच्या झाकणात हवेला फट ठेवली. फेब्रुवारीचं ऊन तोवर तापायला लागलं होतं. बंद पेटी आतून फार तापते. मग पहिल्या वर्षीची तीच गोणपाटं काढली आणि कालव्याच्या पाण्यात भिजवून पेट्यांवर घातली. भाचा दुपारपर्यंत तांब्यानं पाणी शिंपत होता. त्या दिवशी त्यानं शाळा बुडवली. मी शिक्षिका असून गप्प बसले, हे त्याच्या बाईंना सांगू नका. दिवसभर डांबून ठेवणं माश्यांना चांगलं नसतंच, आणि दुसऱ्या दिवशीही थोड्या मेल्या. पण सडा पडला नाही. पुढची फवारणी तात्यांनी संध्याकाळी केली, मजुराशिवाय, पाठीवर पंप घेऊन. फुलावर औषध मारूच नये असं माझं मत आहे आणि ते मी तात्यांना अजून ऐकवते. ते अजून "शिकवू नगंस" म्हणतात. दादा मात्र आता बागेत फवारायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन खाकरतो.

त्या बहाराला दादाच्या झाडांवर फळं जास्त धरली. सगळं श्रेय माश्यांना देऊन मी मोकळी होणार नाही. त्या वर्षी पाणीही वेळेवर आलं होतं. पण दादानं पेट्यांना 'लफडं' म्हणायचं सोडलं, हे मात्र खरं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी भाच्याची परीक्षा तोंडावर होती. वहिनी म्हणत होती, माश्या मोजून मार्क मिळत नाहीत. तरी अकरा वाजता तो वही घेऊन बांधावर गेला. मी स्वयंपाकघरात होते. परत आला तो एकटा नव्हता, मागं दादा होता, गुडघ्यांना माती लागलेला.

"एक्केचाळीस," भाचा म्हणाला आणि वही माझ्यासमोर धरली. "पहिलीपेक्षा तीन जास्त."

"मी पण वाजवून बघितली," दादा हात धूत म्हणाला. "भुर्र झालं आणि गप झालं. बरोबर ना?"